तात्या-अण्णांच्या रानातला समद्विभुज त्रिकोण

चहा घ्या आधी. साखर कमी वाटली तर सांगू नका, तेवढीच मिळेल. आणि माझी एक अट आहे. गोष्ट संपल्यावर "कांबळे बाई, चूक तुमचीच होती" असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने आत्ताच कप ठेवून उठावं. घोटाळा मी केला, हे मान्य. भर दुपारी, दोन शेतमालक आणि एका आख्ख्या टॉवरच्या साक्षीने केला, हेही मान्य. पण चूक? छे. घोटाळा वेगळा आणि चूक वेगळी. ऐका आणि तुम्हीच ठरवा. म्हणजे ठरवा, फक्त मला सांगू नका.

मी राहते पुण्यात बिबवेवाडीत आणि गणित शिकवते मांजरी गावातल्या एका शाळेत. एवढ्या लांब कशाला जाता, असं लोक विचारतात. अहो, नोकरी तिथे आहे म्हणून जाते, हवापालटाला जात नाही.

तर नववी ब. धडा समद्विभुज त्रिकोणाचा. दोन बाजू सारख्या असल्या की त्या बाजूंसमोरचे कोनही सारखे. संपलं प्रमेय! एक कोन सांगितला की बाकीचे दोन काढायचे, त्याला थोडी वजाबाकी लागते आणि थोडा भागाकार. यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बरं? मुलं म्हणाली समजलं. मलाही वाटलं समजलं. म्हणून चाचणीत मी जराशी गंमत केली. त्रिकोण सरळ उभा न काढता आडवा काढला, कुशीवर झोपलेला.

वर्गच्या वर्ग पडला. झाडून सगळ्यांनी खालचे दोन कोन सारखे धरले. का? तर पुस्तकात सारखे कोन कायम खाली असतात! आमची सई उभी राहिली. ही मुलगी दर तासाला उभी राहते. शंका असली तर उभी राहते, नसली तर शोधून उभी राहते. तिने विचारलं, खालचे दोन सारखे असतात ना बाई? मी म्हटलं, खाली आणि वर तुला आहे गं, त्रिकोणाला नाही. तो कसाही पडला तरी त्रिकोणच. तिने मान हलवली, म्हणजे तिला कळलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, निकाल पाहिला आणि मला बोलावून घेतलं. त्या कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता. त्या शांतपणे म्हणाल्या, "कांबळे बाई, नववी ब मी नवीन सरांकडे द्यावी म्हणते. त्यांच्या स्मार्ट बोर्डावर मुलांना चटकन कळतं."

नवीन सर चांगले आहेत, माझं काही म्हणणं नाही. त्यांच्या बोर्डावर त्रिकोण गरागरा फिरतात, रंग बदलतात, टाळ्यासुद्धा वाजतात. पण माझा वर्ग? पहिल्या दिवसापासून मी शिकवलेली पोरं, ती एका पडद्याच्या स्वाधीन करू? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी म्हटलं, मला फक्त एक तास द्या. वर्गाबाहेर, मोकळ्या जागेत घेते. तासाच्या शेवटी तुम्ही स्वतः या आणि वाटेल त्या मुलाला वाटेल तो कोन विचारा. एकाचं जरी चुकलं तरी नववी ब द्या त्यांना, वर मीच पेढे वाटते.

बोलून गेले. आता माघार कसली?

माझी युक्ती बघा, आजही सांगते की युक्ती झकास होती. जमिनीवर मोठ्ठा त्रिकोण आखायचा. मुलांनी त्याच्याभोवती फिरायचं. जमिनीवर आखलेल्या त्रिकोणाला खाली आणि वर कुठून येणार? ज्या बाजूला उभे राहाल ती खालची. आणि समद्विभुज आखायला तर काहीच लागत नाही. एक दोरी घ्यायची, दुमडून बरोबर मध्यावर गाठ मारायची. दोन टोकं दोन खुंट्यांना बांधायची, गाठ धरून दोरी ताणायची. दोन्हीकडे अर्धी अर्धी दोरी, म्हणजे दोन भुजा सारख्या. मग कोन सारखे यायलाच हवेत. बोर्ड नको, वीज नको, टाळ्या नकोत.

घरी गच्चीवर कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी होती. सकाळी ती सोडली, दुमडली, मध्यावर गाठ मारली. आमचे हे खालून विचारत होते, कपडे कुठे वाळत घालू? मी म्हटलं, आज गणित आहे, कपडे उद्या.

शाळेच्या मागे रान आहे. ऊस नुकताच तुटून गेलेला, पाचट काढून जमीन मोकळी केलेली. एका अंगाला शाळेची भिंत, दुसऱ्या अंगाला फ्लॅटच्या नव्या टॉवरचं कुंपण. रान दोन भावांचं, तात्या आणि अण्णा. मधोमध बांध. दोघांची त्या बांधावरूनच बोलाचाल बंद आहे, हे गावात सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं. पण आमची पोरं तिथे रोज क्रिकेट खेळतात, कुणी काही म्हणत नाही, मग त्रिकोणाला काय विचारायचं? क्रिकेटला परवानगी लागत नाही आणि भूमितीला लागते, असा कुठे नियम आहे का?

गेलो. एक खुंटी ठोकली तात्यांच्या बाजूला, एक अण्णांच्या बाजूला. त्या दोन खुंट्यांमधली रेषा हा त्रिकोणाचा पाया. दोरीची टोकं बांधली. मी मधोमध उभी राहून दोरी चाचपली, गाठ हाताला लागली, ती धरून ताणली आणि तिथे तिसरी खुंटी ठोकली. मुलांनी दोरीच्या कडेने फक्की ओढली. मैदानावर रेघा मारतात ना, ती पांढरी पूड. काळ्या मातीवर असा खुलून दिसला त्रिकोण! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तेवढ्यात सई. "बाई, दोरीला दोन गाठी आहेत."

मी म्हटलं, "दोरीला गाठी असतातच. सई, खाली बस."

आता मला सांगा, मांजरीसारख्या गावात, जिथे सकाळी ऊस असतो आणि संध्याकाळी फ्लॅटचं बुकिंग सुरू होतं, तिथे मोकळ्या रानात खुंट्या, दोरी आणि फक्की दिसली की लोकांना काय वाटेल? तुम्हाला लगेच कळलं. मला नाही कळलं. मी कोन बघत होते.

तात्या बांधावरून आले. धोतर, टोपी, हातात काठी. रेघांकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, हे काय चाललंय म्हनायचं?"

याला दोन उत्तरं होती. एक साधं: तात्या, भूमितीचा तास चाललाय. हे उत्तर दिलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती आणि तुमचा चहाही. पण मी बिबवेवाडीची. मला समोर दिसत असलेल्या गोष्टीबद्दल कुणी विचारलं की साधं उत्तर तोंडातून निघतच नाही. त्यात मोठ्या बाईंचा राग डोक्यात होता.

मी म्हटलं, "दिसत नाही का? काम चाललंय. वरून आदेश आहे."

"कुनाचा?"

"ज्यांना आदेश द्यायची हौस आहे त्यांचा."

तात्या गप्प झाले. शेतकरी माणूस असा गप्प झाला की समजावं, आत काहीतरी पेरलं गेलंय. मी नाही समजले. मुलांनी त्यांना सांगितलं, आजोबा, गणित आहे. तात्यांनी मान हलवली. मागे एकदा माणसं झाडं मोजायला म्हणून आली होती, चहा पिऊन गेली, आणि नंतर कळलं की ती रस्त्याची पाहणी होती. तेव्हापासून तात्या कुठल्याही मोजमापाच्या कारणावर विश्वास ठेवत नाहीत. झाडं झाली, आता पोरं पुढं घातली, एवढंच त्यांना वाटलं.

इकडे माझा त्रिकोण. फळ्याचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन मुलं पायाचे दोन कोन मोजायला बसली. तात्यांच्या बाजूचा आला चौसष्ट. अण्णांच्या बाजूचा आला पन्नास.

मी म्हटलं, नीट मोजा. पुन्हा मोजले. चौसष्ट, पन्नास. मी मुलांना बाजूला केलं, गुडघ्यावर बसले, स्वतः मोजले. चौसष्ट, पन्नास! आता प्रमेय तर काही चुकीचं नाही. हजारो वर्षं ते बरोबर आहे, माझ्या तासाला चुकायचं त्याला काय कारण? म्हणजे खुंटी सरकली असणार. अण्णांच्या बाजूची माती भुसभुशीत होतीच. मी ती खुंटी उपटली, अगदी बांधापर्यंत आत घेतली, गाठ पुन्हा ताणली, पुन्हा फक्की ओढली.

सत्तर आणि त्रेपन्न.

पण इकडे काय झालं बघा. खुंटी आत घेतल्यावर सगळा त्रिकोण तात्यांच्या बाजूला सरकला. आणि तेवढ्यात अण्णा मोटारसायकलवरून आले. त्यांना तात्यांच्या रानातल्या रेघा दिसल्या, रस्ता थोरल्या भावाच्या रानातून जाणार असं वाटलं आणि चेहरा असा खुलला! तात्यांचा तसाच पडला. तात्या मला म्हणाले, "मघा तर निम्मा तिकडं व्हता. अण्णा येताना दिसल्यावर समदा माझ्याकडं कसा काय आला?"

मी म्हटलं, "जिथे असायला हवा तिथे आणतेय. मध्ये बोलू नका."

तात्यांना ते झोंबलं. मला त्या वेळी कशाचं काय! मोठ्या बाई यायची वेळ होत आली होती आणि कोन जुळत नव्हते. मी खुंटी पुन्हा उपटली आणि आता बाहेरच्या अंगाला, अण्णांच्या रानात लांब नेऊन ठोकली. दोरी, गाठ, फक्की.

पंचावन्न आणि चव्वेचाळीस.

आता अण्णांचं तोंड पडलं. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या दुसरीकडे बघत मिशीत हसत होते. अण्णा माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले की मॅडम, थोरल्यानं काय दिलं ते सांगा, आपन बसून बोलू. आयुष्यात मला पहिल्यांदा कुणी लाच देऊ केली, तीही पायाचा कोन हलवायला! मी म्हटलं, "अहो, मला काही नको, मला फक्त दोन्हीकडे सारखं हवंय." यावर अण्णा आणखी घाबरले. दोन्हीकडून सारखं खाणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

तोवर रानात फक्कीचे तीन त्रिकोण एकात एक अडकून पडले होते. वर टॉवरच्या गॅलरीतून ते कसे दिसत असतील, याची मला कल्पना नव्हती. गॅलरीवाल्यांना होती. कुणीतरी फोटो काढून त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. रस्ता नाही, मोठा चौक होणार, तिन्हीकडून रस्ते येणार, असं ठरलंसुद्धा. एक तरुण गृहस्थ, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, घरून काम चाललेलं असावं, कुंपणापाशी येऊन ओरडून विचारायला लागले, "मॅम, हा रोड ओपन कधी होईल? हिंजवडीला जाता जाता लाइफ चाललंय आमचं."

मी खुंटीवर दगड हाणता हाणता म्हटलं, "आधी कोन जुळू द्या."

"टेक्निकल इश्यू आहे," असं ते मागे वळून कुणालातरी सांगताना मी ऐकलं. आणि तेही ग्रुपवर गेलं.

सई पुन्हा उभी. "बाई, खुंटी कुठेही नेली तरी कोन सारखे येत नाहीयेत."

"मला दिसतंय."

"मग बाई, कोन सारखे नसले तर..."

"सई, खाली बस."

आणि मोठ्या बाई आल्या. त्यांना शाळेत दोन फोन गेले होते. एक गावातून, रस्त्याला आमचा विरोध आहे म्हणून. एक टॉवरमधून, रस्त्याबद्दल धन्यवाद म्हणून. त्या भिंतीच्या फाटकातून आत आल्या, तेव्हा समोर तीन त्रिकोण, उन्हात लाल झालेली चाळीसेक पोरं, दोन बाजूंना दोन भाऊ आणि मध्ये मी, हातात दगड घेऊन.

त्यांनी पहिल्यांदा त्रिकोण पाहिला. गणिताच्याच आहेत त्या. मुलांना विचारलं, किती आले कोन? मुलं खरं बोलणारी, दुर्दैवाने. पंचावन्न, चव्वेचाळीस, सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

"कांबळे बाई, मग हा समद्विभुज कसा?"

माझी नववी ब माझ्या हातातून चालली होती. आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता? मी म्हटलं, "त्रिकोण समद्विभुजच आहे. ही जमीन उंचसखल आहे."

तात्या काठी टेकत पुढे आले. दुसरीकडून अण्णा आले. आणि ज्या दोन भावांनी इतकी वर्षं एकमेकांना राम राम केला नव्हता, ते माझ्यासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

"उंचसखल?" तात्या म्हणाले. "ह्या रानाला? मॅडम, पाटाचं पानी सोडलं ना, तर ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत एकसारखं बसतंय. सांग रं अण्णा."

"आमच्या बापानं केलंय रान," अण्णा म्हणाले. "रस्ता न्या, चौक न्या, काय न्यायचं ते न्या. पन आमच्या रानाला उंचसखल म्हनायचं न्हाई."

रस्त्यासाठी रडले नसते एवढे ते त्या शब्दासाठी हळवे झाले होते. मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण माघार घ्यायची म्हणजे नववी ब द्यायची. मी म्हटलं, "डोळ्यांना सपाट दिसतं. कोनमापकाला कळतं."

तेवढ्यात कुणीही न विचारता सई उभी राहिली आणि या वेळी माझ्याकडे न बघता मोठ्या बाईंकडे बघून एका दमात बोलली. "मोठ्या बाई, जमीन सपाटच आहे. कोन सारखे नाहीत, म्हणजे त्यांच्यासमोरच्या भुजा सारख्या नाहीत. भुजा सारख्या असत्या तर खुंटी कुठेही ठोकली असती तरी कोन सारखे आले असते. आम्ही तीनदा करून बघितलं."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चाचणीत झोपलेल्या त्रिकोणाचे खालचे दोन कोन सारखे धरणारी हीच मुलगी. मग त्यांनी त्रिकोणाभोवती फिरत, कधी या बाजूने तर कधी त्या बाजूने, एकेका मुलाला विचारायला सुरुवात केली. इथून बघितलं तर पाया कुठला? ही भुजा लांब असेल तर मोठा कोन कुठला? खरंच समद्विभुज असता आणि हा वरचा कोन ऐंशी असता तर बाकीचे? मुलं धडाधड सांगत होती. एकाचंही चुकलं नाही. तासभर उन्हात माझ्या चुकलेल्या, म्हणजे न जुळलेल्या त्रिकोणाभोवती फिरून त्यांना खाली-वर काही उरलंच नव्हतं.

मोठ्या बाई माझ्याकडे वळल्या. डोळ्यांत कौतुक. मला म्हणाल्या, "कांबळे बाई, म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचा त्रिकोण काढलात? मुलांनी चूक शोधून काढावी म्हणून?"

आता बघा हं. सत्य एका बाजूला आणि नववी ब दुसऱ्या बाजूला. मला विचार करायला फार वेळ लागला नाही.

मी म्हटलं, "अर्थात."

मग काय विचारता! नववी ब माझ्याकडेच राहिली. तात्या-अण्णांना मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं की रस्ता नाही, चौक नाही, मुलांचं गणित आहे. दोघांना आधी बरं वाटलं आणि मग जरा वाईट वाटलं. टॉवरवाल्यांना फक्त वाईट वाटलं. पण भाऊ एकमेकांशी बोलायला लागले ते लागलेच. रोज संध्याकाळी बांधावर बसून माझ्याबद्दल बोलतात, असं ऐकते. बोलू देत. निदान एका विषयावर तरी त्यांचं एकमत आहे.

आणि मोठ्या बाईंनी जाहीर करून टाकलं की आसपासच्या शाळांतल्या गणिताच्या सगळ्या शिक्षकांना बोलावू आणि कांबळे बाई त्यांना हाच तास घेऊन दाखवतील. चुकीतून भूमिती, असं नावसुद्धा दिलं त्यांनी.

घरी आले. दोरी परत गच्चीवर बांधायला गेले आणि बघते तर खरंच दोन गाठी. एक मी मारलेली, बरोबर मध्यावर. दुसरी तिच्यापासून थोड्या अंतरावर. आमचे हे कपड्यांची बादली घेऊन उभे होते, म्हणाले, ती जुनी गाठ माझी आहे, मागे दोरी तुटली तेव्हा जोडली होती. म्हणजे रानात माझ्या हाताला लागली ती यांची गाठ! लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हा माणूस माझ्या गणितात येतोच येतो. जमीन खाली-वर नव्हती, खुंटी आत-बाहेर नव्हती, दोन गाठी आहेत हे सईने पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं. तरीसुद्धा माझं म्हणणं असं आहे की गाठी कुठल्याही दोरीला असतात, त्यात शिक्षकाचा काय दोष?

पण आता पंचाईत अशी की पाहुण्यांसमोर मला हीच चूक पुन्हा, व्यवस्थित, करायची होती. बरोबर तिथेच चुकायला हवं. मी त्या जुन्या गाठीला लाल फीत बांधली, म्हणजे या वेळी हात चुकून बरोबर गाठीवर जायला नको. दोरी पिशवीत घालून दाराशी टांगून ठेवली. आयुष्यात एवढी तयारी मी बरोबर उत्तरासाठीसुद्धा केली नव्हती.

तो दिवस आला. रानात शिक्षकांची गर्दी. नवीन सर पहिल्या रांगेत, वही उघडून. कुंपणापलीकडे ते हिंजवडीवाले, अजून आशा न सोडलेले. तात्या आणि अण्णा बांधावर शेजारी शेजारी, एकाच घोंगडीवर. मी पिशवी मुलांच्या हातात दिली, खुंट्या ठोका म्हटलं, आणि पाहुण्यांसमोर भाषणाला उभी राहिले. चूक ही शिक्षकाची शत्रू नसून मैत्रीण आहे, असं बरंच काही बोलले. मग बोलता बोलताच मागे हात नेला, लाल फीत धरली, दोरी ताणली, खुंटी ठोकली. मोठ्या ऐटीत म्हटलं, "मोजा मुलांनो. आणि पाहुण्यांना सांगा, किती आले?"

"अठ्ठावन्न."

"आणि दुसरा?"

"अठ्ठावन्न."

मी म्हटलं, नीट मोजा. पुन्हा मोजले. अठ्ठावन्न, अठ्ठावन्न. मोठ्या बाई खाली वाकून बघायला लागल्या. नवीन सरांचं पेन थांबलं. एक पाहुण्या बाई नम्रपणे म्हणाल्या, "यात चूक कुठली शोधायची?" मीही शोधत होते हो! जन्मात पहिल्यांदा मी मनापासून चूक शोधत होते आणि ती कुठेच नव्हती. फोन काढून बघते तर आमच्या यांचा निरोप. चार दिवस आधी पाठवलेला, मी न वाचलेला: पाहुण्यांसमोर जुनी दोरी बरी दिसत नाही म्हणून नवीन आणून ठेवली आहे, मध्यावर गाठ मारली आहे, तुझी लाल फीत तिच्यावर लावली आहे.

इतक्यात बांधावरून तात्यांनी काठी आपटली. "बघा! म्हनलं नव्हतं? रान सपाट हाय का न्हाई?"

अण्णांनी टाळी वाजवली. मग कुंपणापलीकडून टाळ्या आल्या, का ते त्यांनाही माहीत नसेल. मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या, सगळे शिक्षक माझ्याकडे बघत होते, आणि मी तोंड उघडलं होतं ते हे सांगायला की जमीन त्या वेळी उंचसखलच होती, मधल्या काळात बसली असेल. खरंच सांगणार होते. पण तेवढ्यात मागून सई उभी राहिली.

"बाई, दोरी नवीन आणलीत?"

माझ्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि मी ते ठणकावून दिलं.

"सई, खाली बस."